आधी जागा बघ

माळावरच्या एका गावात एक तापट माणूस राहत होता. नाव दिगंबर. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे आणि तिथून उतरायचं नाव घेत नसे. चहा गार झाला की राग, गरम असला की राग. समोरचा बोलला तर राग, गप्प बसला तर दुप्पट राग. गावातली कुत्रीसुद्धा त्याला पाहून रस्ता बदलत.

पण सायकल चालवावी तर दिगंबरने. त्या गावात खंडोबाच्या जत्रेला सायकलींची शर्यत लागे. माळाला वळसा घालायचा, वेशीतून आत शिरायचं आणि देवळाच्या पायरीशी थांबायचं. जो पहिला येई त्याच्या सायकलीला देवाचं निशाण बांधत आणि तो पालखीच्या पुढे चाले.

सायकल मात्र दिगंबरची नव्हती. ती त्याच्या थोरल्या बहिणीची, शेवंताआक्काची होती. आक्काने तरुणपणी तिच्यावरूनच निशाण आणलं होतं, तेही बाईमाणसाने शर्यतीत उतरावं का यावर चावडीत खल चालू असताना. पोलादी फ्रेम, अंगाने सडपातळ, बारीक टायरांच्या मापाने बांधलेली. पुढे आक्काचा गुडघा कामातून गेला. तिने सायकल भावाच्या हाती दिली.

"चालव," ती म्हणाली. "पर जशी देतेय तशी माघारी आण. गुडघा गेला, आता ही तेवढी ऱ्हायलीय माझी."

"आणीन," दिगंबर म्हणाला. शब्द द्यायला काय लागतं?

मागच्या जत्रेत दिगंबर दुसरा आला. पहिला आला तो खालच्या आळीचा धोंडीराम. निशाण बांधून घेताना धोंडीराम हसत हसत म्हणाला, "माणसानं आपली जागा ओळखून ऱ्हावं." चारचौघे हसले. ते हसू दिगंबरच्या डोक्यात वर्षभर भुणभुणत राहिलं. जेवताना तेच, झोपताना तेच.

अशात तो शहरात गेला असताना एका दुकानात त्याला चाकांची एक जोडी दिसली. उंच काळ्या रिमा, त्यांवर रुंद टायर. हाताने फिरवलं तर आवाज नाही, डुगडुग नाही. दिगंबरचा जीव तिथेच अडकला.

"चाक झकास आहे," दुकानदार म्हणाला. "पण रुंद आहे. सायकल घेऊन या, बसवून बघू."

"माझ्या सायकलीला काय धाड भरलीय?" दिगंबर कडाडला आणि चाकं खांद्याला अडकवून घरी आला.

आक्काने चाकं पाहिली. बोटाने फिरवली. तिला ती आवडली, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिने सायकल जवळ ओढली आणि मागच्या चिमट्यात, चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मधे, बोट घालून पाहिलं. "चाक चांगलंच हाय दिगू," ती म्हणाली. "पर आधी जागा बघ."

झालं. पुढचं बोलणं ऐकायला दिगंबर जागेवर राहिलाच नाही. जागा. पुन्हा जागा. धोंडीरामने काढली तशी आता सख्ख्या बहिणीनेही आपली जागा काढली, असं त्याला वाटलं. "मला माझी जागा दावतीस व्हय?" तो ओरडला. "जत्रेत दावतो, कुणाची जागा कुठं हाय ते."

"अरं, याच मापाचं हलकं चाक मिळतं, ते..."

दाराचा धाडकन आवाज झाला. बाई सांगत होती टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या मोकळ्या जागेबद्दल आणि या शहाण्याने ती नेऊन घातली अब्रूच्या खात्यात. अशा माणसाला कानाखाली द्यावीशी वाटते. पण आक्काने दिली नाही. लहानपणी द्यायची ती राहूनच गेली होती.

दिगंबरने मागच्या अंगणात चाकं बसवायला घेतली. पुढचं सहज बसलं. हवा नसताना टायर मागच्या दोन दांड्यांच्या मधे कसंबसं शिरलं. तो खूश झाला. मग त्याने पंप लावला. टायर फुगू लागलं आणि रुंद रिमेवर ते आणखीच पसरलं. हवा भरेपर्यंत टायरने दोन्ही बाजूंच्या दांड्यांना घट्ट मिठी मारली. चाक जागचं हलेना.

शहाण्याने इथे काय केलं असतं? चाक काढलं असतं, दुकानात परत नेलं असतं आणि मापाचं आणलं असतं. दिगंबरला राग आला. चाकाचा नाही, चाक नवं होतं. त्याला फ्रेमचा राग आला. ज्या फ्रेमने त्याला कधी दगा दिला नव्हता तिचा. "जुनाट, मोडकी, अडेलतट्टू," असं काय काय तो तिला बोलला. मग आत जाऊन कानस घेऊन आला.

आतल्या बाजूने त्याने दोन्ही दांड्या घासल्या. रंग गेला. खालचं पोलाद पांढरं पडलं. तरी तो घासत राहिला. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट झाली तेव्हा कुठे थांबला. चाक फिरवलं, ते फिरलं. घासलेल्या जागेला त्याने काळा रंग फासला, म्हणजे आक्काला दिसू नये. आपण चुकतोय हे त्या घटकेला त्याला नक्की कळत होतं. न कळणाऱ्याने रंग लावला नसता.

जत्रेचा दिवस उजाडला. शर्यत सुटली आणि दिगंबर सगळ्यांच्या पुढे गेला. खोटं कशाला बोला, चाक होतंच तसं. माळाच्या खडबडीत वाटेवर इतरांची हाडं खिळखिळी होत होती आणि हा लोण्यावरून चालल्यासारखा चालला होता. धोंडीराम मागे पडला. वळसा पुरा झाला. समोर वेस दिसू लागली.

आता वेशीत काय असतं हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुरळा बसावा म्हणून वेशीतल्या काळ्या मातीवर घागरी ओततात आणि पहिला गडी दिसला की दोन्ही बाजूंनी मुठी मुठी भंडारा उधळतात. जन्मापासून दिगंबरने ते पाहिलं होतं. स्वतः उधळलंही होतं. पण फट मोजताना त्याला ते आठवलं नाही.

"येळकोट येळकोट," म्हणत लोकांनी त्याला पिवळाधमक केला. खाली चिखल, वरून हळद. रुंद टायरने दोन्ही मनसोक्त उचललं आणि पोस्टकार्डाएवढ्या फटीत नेऊन कोंबलं. घर्र असा आवाज आला. चाक जड झालं. देऊळ समोर दिसत असताना ते दांड्यांच्या मधे अडकून बसलं.

धोंडीराम मागून आला. त्याच्याही चाकांना तोच चिखल आणि तोच भंडारा लागला होता, पण टायराच्या बाजूला बोटभर मोकळी जागा होती. चाक फिरत होतं आणि चिखल गळून पडत होता. तो पुढे निघून गेला.

दिगंबर खाली उतरला. "कुणी टाकला भंडारा?" तो लोकांवर ओरडला. "कुणी वतलं पानी?"

देवळाच्या वाटेवर बसणारी म्हातारी काशीबाई म्हणाली, "खंडोबाच्या दारात भंडारा उधळत्यात, ह्ये तुला आजच कळलं व्हय रं?"

लोक हसले. पुन्हा तेच हसू. दिगंबरचे डोळे लाल झाले. त्याने पाय उचलला आणि अडकलेल्या चाकावर सगळ्या ताकदीने लाथ घातली. चाकाला काही झालं नाही. कट् असा आवाज झाला आणि मागची दांडी, जिथे घासून कागदासारखी झाली होती, बरोबर तिथेच तुटली.

मग कुणी हसलं नाही. ती आक्काची सायकल आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

दिगंबरने ती खांद्यावर घालून घरी आणली. आक्का उंबऱ्यात बसली होती. तिने तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. काळा रंग अंगठ्याला लागला आणि खालचे कानशीचे चरे दिसले. तिचा चेहरा असा झाला की दिगंबर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या रागाला भ्याला.

"खड्ड्यात आपटून मोडली असती तर मी एक शब्द बोलले नसते," ती म्हणाली. "पर ही तू बसून मोडलीस. शांतपणानं, घासून घासून."

"तू माझी जागा काढलीस, म्हनून मला..."

"तुझी?" आक्का म्हणाली. "माझ्या सायकलीची सांगत व्हते मी. एवढी बोटभर जागा. तुझ्या डोक्यात तेवढी असती तर सबंध ऐकलं असतंस."

"जोडून आणतो," तो पुटपुटला.

"आन जोडून. पर दांडी पातळ झालीया, आता तिच्यावर कुणी बसू नये." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि त्यानेही ताट पुढे ओढायचं धाडस केलं नाही.

नवी चाकं भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. शेजारीच आक्काची जुनी चाकं होती, तीही धडधाकट. घरात चाकांच्या दोन जोड्या होत्या आणि सायकल एकही नव्हती.

तात्पर्य: नवं कितीही चांगलं असलं तरी जुन्यात त्याला फिरायला जागा आहे का, हे आधी बघावं, आणि ते सांगणाऱ्याचा शब्द फिरेल एवढी जागा आपल्या डोक्यात ठेवावी, नाहीतर राग चांगल्या नव्याच्या हातून चांगलं जुनं मोडवतो.