दर फेरीचा आकडा

कासारखिंडीतून नवा महामार्ग गेला आणि तिथल्या वळणावर अपघात होऊ लागले. सरपंच यमुनाताई डोईफोडे यांचा धाकटा दीर तिथेच गेला. त्याआधी त्याच वळणावर परगावची किती माणसं दगावली होती, हे गावाला कळलं ते वर्षअखेरीस सरकारी आकडे आले तेव्हा.

रस्तेमंत्री त्र्यंबकराव गावात आले, तेव्हा यमुनाताईंनी भर सभेत मागणी केली, "अपघातांचे आकडे दर महिन्याला जाहीर करा."

मंत्री हसले. "ताई, वर्षातून एकदा देतोच की! सारखं सांगून लोकांना घाबरवायचं कशाला? आकड्यानं गेलेला माणूस परत येतो का?"

यमुनाताईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, मतमोजणीच्या दिवशी तुम्ही दर फेरीचा आकडा विचारता ना?"

"विचारणारच. जीव टांगणीला लागलेला असतो."

"तेव्हा तर मतदान होऊन गेलेलं असतं. आकडा कळून तुमचं एक मत वाढत नाही. इथं मात्र पुढच्या महिन्यात त्या वळणावरून जाणारी माणसं अजून जिवंत आहेत."

मंत्र्यांचं हसू मावळलं. शेजारी बसलेल्या सचिवांकडे वळून ते हळूच म्हणाले, "दर महिन्याला."

पहिल्याच महिन्याचे आकडे आले आणि कासारखिंडीच्या वळणावर दिवे लागले.