तिखागुब्याचे काटे

आमच्या तिखागुबा गावात जेवायला बसलेला पाहुणा पहिल्या दिवशी एक चूक हमखास करतो. आपल्या पानातल्या माशाचे काटे तो स्वतःच काढायला लागतो. तसं इथे कोणी करत नाही. तुमचे काटे उजवीकडचा काढणार, तुम्ही डावीकडच्याचे काढायचे. उत्तर रशियात तळ्याकाठची गावं पुष्कळ आहेत आणि रीबनिक सगळीकडेच होतं. राय नावाच्या धान्याच्या काळपट पिठाची जाड पारी, तिच्यात अख्खा मासा, वरून पारीचंच झाकण. पण काट्यांची ही रीत फक्त आमच्याकडे. गेली तीस वर्षं मी पाहुण्यांना होडीतून इथे आणतो, आणि प्रत्येकाला हे सांगावं लागतं.

फार पूर्वी इथे उस्तीन्या नावाची विधवा राहत होती, असं सांगतात. तिला दोन मुलगे, थोरला येफीम आणि धाकटा नाझार. बापामागे उरलेलं एक लांबलचक जाळं होतं. दोन होड्यांतून दोन टोकं धरून ते ओढायचं, आणि ओढायची हाक थोरल्याने द्यायची. त्या एका जाळ्यावर गावातल्या सगळ्या घरांची हिवाळ्याची खारवलेली मासळी भरत असे.

वसंतातल्या बर्फाच्या चकाकीने येफीमची नजर हळूहळू गेली. हाक मात्र तोच देत राहिला. एका सकाळी ती चुकली आणि जाळं खडकाला अडकून फाटलं. नाझार सगळ्यांदेखत म्हणाला, "आंधळ्याच्या हुकमावर मी जाळं ओढणार नाही."

येफीम म्हणाला, "मग कापून घे तुझं अर्धं."

अर्ध्या जाळ्यात काही सापडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. पण मध्ये पडायची कोणाची छाती झाली नाही.

उस्तीन्या एवढंच म्हणाली, "कापा. पण आधी जेवून घ्या."

दुपारी तिने रीबनिक केलं, तेही लेश्च माशाचं. हा चपटा मासा चवीला फार चांगला, पण काट्यांनी गच्च भरलेला. दोघांना तिने शेजारी बसवलं, सुरी मध्ये ठेवली, झाकण उचललं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

नाझारने दोन तुकडे संपवले. येफीम नुसती पारी मोडून खात होता. डोळे अधू झाल्यापासून त्याचे काटे नाझारच काढून देत असे, आणि आज मागायचं कसं, हे त्याला कळेना. आईने पाहिलं, पण हात हलवला नाही. तिच्या जिवाला काय वाटलं असेल, ते तिलाच माहीत.

बराच वेळ गेला म्हणे. मग नाझारने भावाचं पान आपल्याकडे ओढलं आणि काटे काढायला बसला. बारीकातला बारीक काटासुद्धा त्याने बोटाने चाचपून काढला. मान वर केली नाही.

येफीमने सगळं खाल्लं. मग म्हणाला, "उद्यापासून हाक तू दे."

"हाक तूच द्यायची," नाझार म्हणाला. "खडक आला की मी सांगेन."

सुरीने त्या दिवशी पारीच तेवढी कापली गेली.

आजही वर्षाचं पहिलं जाळं ओढलं की सारं गाव एका लांब मेजावर रीबनिक खायला बसतं, आणि ज्यांचं आपसात बोलणं बंद आहे त्यांना म्हातारी माणसं मुद्दाम शेजारी बसवतात. माझ्या डावीकडे नऊ वर्षं माझा मेहुणा लुका बसतो. कारण सांगण्यासारखं नाही. आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही. पण नऊ वर्षांत त्याच्या घशाला मी एक काटा लागू दिलेला नाही, आणि यंदा मी काटे काढून दिलेला मासा संपवून त्याने पान पुन्हा माझ्यापुढे सरकवलं. पोट भरलेलं होतं त्याचं, मला दिसत होतं. मी आणखी एक तुकडा घेतला आणि सावकाश काटे काढत बसलो.