केरू सोंगाड्याच्या बारा जत्रा

फार जुनी गोष्ट आहे, पण साल गावाला पक्कं ठाऊक आहे. शके अठराशे नऊ. भाद्रपद महिना. गौरी नुकत्याच गेल्या होत्या आणि हिवरसोंडच्या शिवारात बाजरी निसवली होती. त्या दिवसांत पटकी आली. घरटी एक माणूस तिनं नेलं. आणि त्यातच हैबती सरदार आडवा पडला.

हैबती म्हणजे गावच्या तमाशाच्या फडाचा सरदार. उंच, दांडगा, मिशा ओठावर आलेल्या. तमाशात आधी बतावणी होते. सरदार सवाल करतो आणि सोंगाड्या त्याला जबाब देतो. सरदारानं हसायचं नसतं. सरदार हसला की सोंगाड्याचा जबाब मातीत जातो. हैबतीला हे शिकवावं लागलं नाही. तो घरीही हसत नसे.

त्याचा सोंगाड्या होता केरू. बारकुडा, काळा, कान मोठे. केरू नुसता पटांगणात येऊन उभा राहिला तरी माणसं हसत. ओढ्यापलीकडच्या गावात दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उठले होते. केरू वाटेनं चालला होता. तो मधे थांबला आणि कुऱ्हाडींकडे बघून म्हणाला, "माझी पण दाढी वाढलीया, आधी माझा नंबर." कुऱ्हाडी खाली आल्या. तो बांध अजून तिथंच आहे, असं म्हणतात.

हैबती विचारायचा, "केरू, जेवलास का?"

"जेवलो की सरदार. पोटभर बोलणी खाल्ली."

"आणि?"

"उरलेली चिमानं झाकून ठेवलीत, सांजच्याला."

चिमा म्हणजे त्याची बायको. ती पुढच्या रांगेत बसलेली असे आणि तिथूनच ओरडत असे, "या घरी, कढत करून वाढते."

तर पटकीत हैबती आडवा पडला. त्याचे डोळे खोल गेले, हातपाय गार झाले. वैद्यानं तोंड फिरवलं. तेव्हा केरू उठला आणि जोगाईच्या देवळाकडे गेला. फडाच्या माणसांना देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांनी दीपमाळेपाशी थांबायचं. केरू दीपमाळेपाशी थांबला आणि तिथून मोठ्यानं बोलला. गुरवानं ते आतून ऐकलं.

"आई, हैबतीला उठीव. सलग बारा जत्रा तुझं अंगण हसतं ठेवीन. एक जत्रा जरी कोरडी गेली तरी मला सोडवू नको."

आयुष्यात केरू तेवढं एकच वाक्य हसू न आणता बोलला, असं म्हणतात. सकाळी हैबतीनं पाणी मागितलं.

जोगाईची जत्रा माघी पुनवेला भरते. केरूनं तीन जत्रा अंगण हसवलं. तिसऱ्या जत्रेला तर देवीच्या मूर्तीला कौलासाठी चिकटवलेला तांदूळ हसण्यानं गळून पडला आणि गुरवाला कौल पुन्हा लावावा लागला. मग चौथं साल आलं. पावसाळ्यात केरूला नवज्वर झाला. तिशी पुरी झाली नव्हती. एवढा बोलका माणूस, जाताना एक शब्द बोलला नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. भाऊबंदांनी हात जोडले. चिमाला अंतर देणार नाही म्हणाले. घर शाकारून देतो म्हणाले. कावळे बसूनच. दुपार कलली. सगळे समजले होते, पण बोलायला कुणी धजेना.

चिमाच बोलली. तिनं हैबतीकडे बघितलं नाही, पिंडाकडे बघत बोलली. "भावजी, नवस तुमच्यापायी बोलला त्यो. तुम्ही हाईसा. त्यो न्हाई."

हैबती पुढं झाला. "केरू, राहिलेल्या जत्रा माझ्याकडं," एवढंच म्हणाला.

कावळा उतरला.

शब्द दिला खरा, पण दिला कुणी? ज्याच्या तोंडाकडे बघून तान्ही पोरं रडायची त्यानं. गावाला धसका बसला. एक जत्रा कोरडी गेली की केरू अडकला. ना इकडचा, ना तिकडचा.

चौथ्या जत्रेला हैबतीनं तोंडाला काजळ फासलं, केरूची फाटकी टोपी घातली आणि पटांगणात आला. केरूचे जबाब त्याला तोंडपाठ होते. त्यानं ते एकामागून एक म्हटले. शब्दाला शब्द तोच. कुणी हसलं नाही. बायकांनी पदर डोळ्याला लावले. एक म्हातारा उठून गेला. दिवस उतरायला लागला आणि अंगण तसंच कोरडं.

हैबती थांबला. रांजणावर जाऊन त्यानं तोंड धुतलं. टोपी काढली, स्वतःचा फेटा बांधला. परत आला आणि आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. समोर केरूची जागा रिकामी होती. त्या जागेकडे बघून त्यानं आपल्या आवाजात, नेहमीसारखा दरडावून सवाल टाकला.

"काय रं केरू, कुठं व्हतास इतके दिस?"

आणि गप्प राहिला. केरूला जबाबाला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडात धरून खुदकन हसली. मग तिच्या शेजारची. मग पटांगण फुटलं. हैबतीनं हसणं ओसरू दिलं, मिशीवर ताव दिला आणि दुसरा सवाल टाकला. पुन्हा गप्प. पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी लोक पाणवठ्यावर एकमेकांना विचारू लागले, तुला काय ऐकू आलं? आणि सगळ्यांना एकच जबाब ऐकू आला होता, असं म्हणतात. तो काय होता ते गावात कुणी सांगत नाही. सांगितला की विटतो.

तिथून केरूचा खरा कारभार सुरू झाला. दर जत्रेला हैबती त्याला त्या सालाचं विचारी आणि गाव जबाब ऐके. "मिरजेला गेलास म्हणं?" गावाला कळलं, केरू नाटक कंपनीत गेला. "ही शाल कुणाची रं?" गावाला कळलं, कुठल्याशा राजानं दरबारात बोलावून शाल पांघरली. "आणि सोन्याचं कडं? हातात तर दिसत न्हाई." गाव हसून हसून लोळलं, कारण कडं कुठं गहाण पडलं ते सगळ्यांना समजलं. केरूला पोट सुटलं. केरूचे पुढचे केस गेले. केरूनं स्वतःचा फड काढला, बुडवला, पुन्हा काढला. त्याच्यामागं जन्मलेल्या पोरांना वाटे, हा गावचाच कुणी मोठा माणूस आहे, मुलखात असतो आणि जत्रेला तेवढा येतो. बार्शीच्या बाजारात गुळाच्या एका व्यापाऱ्यानं त्याला डोळ्यांनी पाहिला, त्याच्याशी गुळाचा भाव केला आणि भावात हरला, असं म्हणतात.

आजूबाजूच्या गावांनी हैबतीला बोलावणी धाडली. बैलगाडी धाडतो म्हणाले. हैबती म्हणाला, "नवस हितला हाय."

चिमा मात्र केरू गेल्यापासून पटांगणात येत नसे. तिचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. ती उंबऱ्यावर बसून निवडण-टिपण करी. एकदा हैबती समोरून चालला होता तेव्हा म्हणाली, "भावजी, तिकडं त्यो शाल पांघरून दरबारात मिरवतोय. हिकडं माझ्या चुलीत वली लाकडं."

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात वाळक्या बाभळीची मोळी होती. तिनं ती घेतली.

मग आठवी जत्रा आली. हैबती गरजला, "केरू, दुसरी केलीस म्हणं?" लोक असे हसले की हलगीवाल्याच्या हातून टिपरू पडलं आणि ते उचलायला कुणाला वाकता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमा हैबतीच्या दारात उभी. हातात केरसुणी.

"भावजी, माणूस मेला तरी मला सवत आणलीत."

"वैनी, अंगण हसलं."

"अंगण हसलं. माझं घर हसलं न्हाई. तुम्हीच आणलीत, तुम्हीच घालवा. तवर ही जत्रा मी धरत न्हाई."

"नवस देवीचा हाय."

"बोलणारा माझा व्हता," चिमा म्हणाली आणि गेली.

हैबतीला ते साल जड गेलं. नांगर धरला तरी तेच डोक्यात. नवव्या जत्रेला त्यानं पहिलाच सवाल टाकला, "केरू, ती दुसरी कुठाय?" गाव हसलं. "पळाली? का?" गाव जास्त हसलं. मग हैबतीनं आवाज खाली आणला. "आन् आता पहिलीच्या दारात जायाला तोंड हाय का तुला?"

मग तो गप्प राहिला तेव्हा लोक हसले आणि रडलेही, असं म्हणतात. उंबऱ्यावर चिमाचे हात सुपात थांबले होते. त्या सांजेला तिनं वर्षभर आपल्या दारात उभी ठेवलेली केरसुणी उचलून आत ठेवली. आठवी जत्रा धरली गेली.

हिवरसोंडला हे अजून चालतं. माघी पुनवेला वगाच्या आधी गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस दीपमाळेपाशी उभं राहतं. बाई असो की पुरुष, कोणत्याही आळीचं असो. ते रिकाम्या जागेकडे बघून केरूला त्या सालाचा एक सवाल विचारतं. पाऊस, निवडणूक, धरणाचं पाणी, जे असेल ते. गाव हसेपर्यंत वग सुरू होत नाही. गाव हसत असताना विचारणाऱ्यानं हसायचं नाही. केरू आता फार म्हातारा झाला आहे. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून सवाल मोठ्यानं विचारावा लागतो. जबाब कुणी तोंडानं देत नाही. तो एकदाच दिला गेला. बाराव्या जत्रेला.

त्या साली प्लेग आला. शके अठराशे वीस. घराघरांत उंदीर पडले, मग माणसं पडली. सरकारी हुकमानं गाव उठलं आणि ओढ्यापलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहिलं. रोग मरावा म्हणून घरांची कौलं काढून ठेवली होती, आत ऊन पडत होतं. जत्रा बंद. चार माणसांनी एका जागी जमायचं नाही. देवीपुढं दिवा लावायला एकट्या गुरवाला येऊ देत.

पुनवेला तिसऱ्या प्रहरी गुरव आला तर हैबती फेटा बांधून दीपमाळेपाशी उभा.

गुरव म्हणाला, "हैबती, अंगणात कुत्रं न्हाई. हसणार कोण? पुढच्या साली कर."

"सलग म्हणाला व्हता."

"आरं, देवी समजून घेईल."

"मी घेणार न्हाई," हैबती म्हणाला.

देवळाकडे पाठ करून तो ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडे झोपड्या दिसत होत्या. त्यातल्या एकीतून सकाळीच माणूस उचलला होता. हैबतीचा आवाज खणखणीत होता, तो पाण्यावरून गेला.

"केरू, सरकारनं वाटा अडवल्या. तू कोन्च्या वाटंनं आलास?"

माळावरची माणसं झोपड्यांच्या तोंडाशी आली. उभी राहिली. कुणी हसलं नाही.

"केरू, उंदरांनी गाव सोडलं. तुला कुणी सांगितलं व्हतं यायला?"

काही नाही. एका झोपडीत रडणं चालू होतं, तेवढंच ऐकू येत होतं. ऊन दीपमाळेच्या वरच्या टोकाशी गेलं. अकरा जत्रा जमेच्या होत्या आणि आता सगळ्या पाण्यात जात होत्या. हैबतीजवळ सवाल उरला नव्हता. जो उरला तो त्यानं कधी कुणाला विचारला नव्हता.

"केरू, पटकीत मी मरायचा. गेलास तू. आता निम्मं गाव चाललंय." त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "सगळी जात्यात, आन् मीच का राहतो रं?"

तो सवाल बतावणीतला नव्हता. माळावर सगळ्यांना ते कळलं. लोकांनी माना खाली घातल्या.

तेव्हा चिमा झोपडीबाहेर आली. ओढ्याच्या काठापर्यंत चालत आली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि मान तिरकी केली. केरू तशी करायचा.

"सरदार," ती म्हणाली. या नावानं तिनं त्याला कधी हाक मारली नव्हती. "यम दोनदा आला व्हता तुमच्या दारात. तुमचं तोंड बघितलं. त्याला वाटलं, हितं आधीच कुणीतरी मेलंय. म्हणून गेला फुडं."

पहिलं हसू त्याच झोपडीतून आलं जिथं रडणं चालू होतं, असं म्हणतात. मग शेजारच्या झोपडीतून. मग सगळा माळ हसला. माणसं एकमेकांच्या जवळ जाऊ शकत नव्हती, आपापल्या दाराशी उभी राहून हसत होती आणि डोळे पुसत होती. ते हसणं ओढा ओलांडून आलं, रिकाम्या अंगणात भरलं, दीपमाळेवर आपटलं आणि देवळातली घंटा कुणी हात न लावता वाजली.

हैबती हसला नाही. हसणं संपेपर्यंत आपल्या जागी ताठ उभा राहिला.

गुरवानं नारळ फोडला. एक भकल देवीपुढं ठेवलं, दुसरं बाहेर आणून हैबतीला दिलं. हैबती ओढ्यात उतरला, पलीकडे गेला आणि ते भकल त्यानं चिमाच्या पदरात घातलं.

"वैनी, बारा," तो म्हणाला.

"बारा," चिमा म्हणाली.

नवस फिटला.