आत्याची कुंची

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता. एकदा अंगातून उतरलेला कपडा तो पुन्हा अंगाला लावत नसे. सकाळचा अंगरखा दुपारी जुना, दुपारचा तिन्हीसांजेला जुना. उतरलेलं सगळं बंबात जाई. सबंध राज्यात राजवाड्यातलंच स्नानाचं पाणी तेवढं किनखापावर तापत असे.

राजाराणीला एकुलती एक लेक होती. सोळा वर्षांची झाली तरी तिला नाव नव्हतं. सगळे आपले राजकन्या राजकन्या म्हणत. आणि तिला जन्मापासून थंडी वाजे. शाल पांघरली की शाल गार, रजई घेतली की रजई गार. चैत्रातसुद्धा ती शेगडीजवळ बसे. त्या वर्षी तर हिवाळा लागताच तिचे पाय बर्फासारखे पांढरे झाले, मग गुडघे झाले. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि सांगितलं, "गारठा वर चढतो आहे. संक्रांतीला तो काळजापाशी पोचेल. मग उपाय नाही."

राणीने अन्न सोडलं. राजाने दवंडी पिटली, जो कोणी राजकन्येला ऊब येईल असे कपडे शिवेल त्याने यावं. मोठमोठे कारागीर आले, शिवून गेले, खाली मान घालून गेले. शेवटी आली ठकू शिंपीण. काखेत बोचकं, केसांत सुई, तोंडात दोरा.

"शिंपीणबाई, काय शिवाल?" राजाने विचारलं.

ठकूने तोंडातला दोरा काढला. "बंडी, अंगरखा आणि पांघरूण. हिवाळ्याला माणसाला एवढंच लागतं, महाराज."

ठकूच्या दारातल्या लिंबोणीवर शिंपी पाखरू राहत होतं. ते पानाला पान शिवून घरटं करी आणि माणसासारखं बोले. दोघींचा धंदा एक, म्हणून मैत्री होती.

"बंडीत कापूस कोणता भरू गं?" ठकूने विचारलं.

"ढगांचा," पाखरू म्हणालं. "डोंगरावर पिंजारी राक्षस आहे, तो पिंजतो."

ठकू डोंगर चढून गेली. राक्षसाचं धोतर गुडघ्यावर फाटलं होतं. ते तिने आधी रफू करून दिलं, मग कापूस मागितला. राक्षस इतका हरखला की पोतंभर घेऊन स्वतः खाली सोडायला आला. बंडी शिवून झाली. राजकन्येने घातली. घटकाभर बरं वाटलं, आणि बंडी गार पडली.

"अंगरख्याला लोकर कुठली आणू?"

"सूर्याच्या रथामागून मेंढ्या चालतात," पाखरू म्हणालं. "पूर्वेच्या बोरीला त्यांची लोकर अडकते."

ठकू गेली. लोकर इतकी कढत की तिने ती चिमट्याने वेचली. अंगरखा शिवला, पायघोळ. राजकन्येने घातला आणि क्षणात त्यावर दहिवर साठलं. गारठा कमरेपर्यंत चढला होता. संक्रांत आठ दिवसांवर आली.

ठकू घरी येऊन उंबऱ्यावर बसली आणि रडली. तीस वर्षं शिवत होती, पण हात कधी असा हरला नव्हता.

पाखरू खाली उतरलं. "बाई, मी घरटं हिरव्या पानांचं शिवते. पण आत पिलांखाली काय घालते, ते पाहिलंस कधी?"

ठकूने वाकून पाहिलं. आत तिच्याच फाटक्या लुगड्याच्या दशा होत्या.

ती तशीच उठली आणि थेट दरबारात गेली. "महाराज, एक विचारते, राग मानू नका. राजकन्येच्या अंगाला पहिलं कापड कुठलं लागलं? आमच्यात तान्ह्या बाळाला नवं घालत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मऊ जुनेर असतं, त्याचं झबलं शिवतात."

राजा आठवू लागला. तेव्हा पडद्यामागून राणीच बोलली. "बारशाला वन्सं कुंची घेऊन आल्या होत्या. सासूबाईंच्या लुगड्याची. महाराज हसले. म्हणाले, राजाच्या लेकीला चिंध्या कशाला? वन्सं कुंची उचलून निघून गेल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं होतं, तेही राहिलं."

"मी विसरूनच गेलो होतो," राजा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. खरोखरच विसरला होता बिचारा. हसायला असा कितीसा वेळ लागतो?

राजाची ही थोरली बहीण मंत्रविद्या जाणणारी होती. घुबडांच्या डोंगरावर एकटी राहत होती. राजा अनवाणी तिच्या दारी गेला. घुबडांनी एकमेकांना सांगितलं, "सोळा वर्षांनी उजाडलं याला."

"अक्का, चुकलो," राजा म्हणाला. "माझी लेक वाचव."

अक्का पेटीतून कुंची घेऊन आली. तिचेही डोळे भरले होते. "रागाच्या भरात मी बोलून गेले, की नव्याची एवढी हौस ना, मग तिला नव्याची ऊब लागायची नाही. दुसऱ्याच दिवशी शब्द परत घ्यायला बसले, तर येईना. तू मागायला आल्याशिवाय तो फिरणार नव्हता. पण मकरंदा, पोर आता मोठी झाली. एवढ्याशा कुंचीत मावेल कशी? हिला जोड लागेल. जुनेर आहे का तुझ्या घरी?"

राजाने मान खाली घातली. राजवाड्यात नव्यापलीकडे काही नव्हतं.

मग राजा झोळी घेऊन गावात फिरला. दारोदार म्हणाला, "माय, जुनेर असेल तर वाढा." कुंभारणीने विचारलं, "धुऊन देऊ का तसंच?" राजा म्हणाला, "असेल तसं द्या." कोणी बाळंतपणातलं लुगडं दिलं, कोणी म्हाताऱ्याचं मुंडासं, पिंजारी राक्षसाने रफू केलेलं धोतर दिलं आणि पानं गुंडाळून बसला.

भोगीच्या सकाळी ठकूने मधोमध कुंची मांडली, भोवती गावचं जुनेर रचलं. अक्का म्हणाली, "पहिला टाका बापाने घालायचा." राजाने तीनदा दोरा सुईत घालायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा चुकला. चौथ्यांदा पाखराने चोचीने ओढून घेतला. मग ठकू, राणी, अक्का आणि गावच्या बायका गोलाने बसल्या, आणि संक्रांतीचं ऊन अंगणात यायच्या आत गोधडी पुरी झाली.

गारठा राजकन्येच्या छातीपर्यंत आला होता. गोधडी तिच्या अंगावर घातली. अक्काने तिच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं आणि सोळा वर्षं पोटात ठेवलेलं नाव सांगितलं. बारशाला कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात. राणीने पहिला घातला, मनापासून. राजानेही रीत सोडून एक घातला.

"हळू रे, मेल्या," अक्का म्हणाली.

सगळे पाहत होते. राजकन्येच्या ओठांना रंग आला. गाल तांबूस झाले. कपाळावर काहीतरी चमकलं, ते दहिवर नव्हतं, घाम होता.

तिने डोळे उघडले. "आई," ती म्हणाली, "मला उकडतंय."

राणी हसली, रडली, आणि तीळगूळ वाटायचाच विसरली. ठकूने बंडी आणि अंगरखा पुन्हा पुढे केला. दोन्ही आता छान उबदार झाले होते. त्यानंतर राजवाड्यातला बंब लाकडांवर तापू लागला, आणि राजा एकच अंगरखा कोपरावर ठिगळ लावून घालू लागला. आणि जाई, हो, तिचं नाव जाई, ती दर हिवाळ्यात त्या गोधडीत शिरते. तिची ऊब तिला लाभली, तशी ज्याची त्याला लाभो.