रुमालाखालची मूठ

एका राज्यात सावली नव्हती. झाडे होती, चांगली डेरेदार होती, पण त्यांच्याखाली बसले तरी ऊन डोक्यावरच. कारण विचाराल तर साधे आहे. मागल्या राजाने सावली देऊन टाकली होती. कोणाला? जादूगार धूम्रकेशाला. का? तर शेजारच्या खाडीच्या राज्याने म्हणे त्याला आपली झुळूक देऊ केली होती, आणि शेजारी पुढे जात असताना आपण मागे राहायचे कसे? पलीकडच्या माळाच्या राज्याने ही वार्ता ऐकली आणि त्याने आपली दुपारची झोप देऊन टाकली. असे तिन्ही राजे हुशार!

सावली गेलेले राज्य होते डोंगराचे. इथे मध उदंड. खाडीच्या राज्यात मीठ, माळाच्या राज्यात धान्य. तिन्ही राज्यांच्या सीमा एका खिंडीत मिळत, आणि फार पूर्वी त्या खिंडीत जत्रा भरे. जत्रेत तिन्ही राज्यांचे लोक एकमेकांच्या मालाला नावे ठेवीत, भाव पाडीत, तावातावाने भांडत आणि संध्याकाळी बैलगाड्या भरून घरी जात. एके वर्षी भांडण जरा जास्तच पेटले. तेव्हा धूम्रकेश पुढे झाला आणि गोड आवाजात म्हणाला, "एवढा त्रास कशाला? तुमचे भांडण मला द्या. मी सांभाळतो."

दमलेल्या राजांनी भांडण देऊन टाकले. धूम्रकेशाने ते तांब्याच्या पेटीत कोंडले, आणि त्याच घटकेला शाप लागला. भांडणाबरोबर बोलणेही गेले. माणूस सीमा ओलांडी, पण त्याचा शब्द अलीकडेच गळून पडे. लिहून न्यावे तर अक्षरे पुसून जात. जत्रा मोडली. मग या राज्याचा माल त्या राज्यात नेई तो एकटा धूम्रकेशाचा काफिला, आणि तो यंदा कोणाच्या राज्यातून जाणार हे दरसाल नव्या मोलावर ठरे; सावली, झुळूक आणि झोप अशीच गेली.

आता डोंगराच्या गादीवर राणी वेणावती होती. तिची लेक कुंदा नुकती रांगायला लागली होती, ओठ मिटून उघडून काहीतरी जुळवू पाहत होती. एके सकाळी धूम्रकेशाची साळुंकी दरबारात आली आणि सिंहासनाच्या हातावर बसली.

"राणी, यंदा काफिला खाडीच्या राज्यातून जाणार. राजा सुतीर्थाने मोल देऊ केले आहे."

"कोणते?"

"राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाचा पहिला शब्द. तू तेच आणि वर आणखी काही देशील, तर काफिला तुझा."

प्रधान हळूच म्हणाले, "बाईसाहेब, कोठारातला मध आंबायला लागलाय. मीठ संपत आलंय. काफिला आला नाही तर लोक खातील काय?"

राणीने कुंदेकडे पाहिले. राज्यातल्या एकाही आईला पहिली हाक ऐकू येणार नाही, या विचाराने तिला संताप आला. तो मनात मावेना.

"साळुंके, सुतीर्थ हे तुझ्यादेखत बोलला?"

साळुंकीने मान वाकडी केली. "हे मला आजवर कोणी विचारले नव्हते."

"मी विचारते."

"नाही बोलला. धूम्रकेशाने मला सांगितले, मी तुला सांगितले. आणि काल सुतीर्थाला सांगून आले की हेच मोल तू देऊ केले आहेस."

राणीने विचारले, "मग आज खरे कशी बोलतेस?"

"विचारणाऱ्याशी खोटे बोलण्याचा मंत्र त्याने मला घातलाच नाही. गरज पडली नव्हती."

"शाप मोडेल कसा?"

"तीन कामे आहेत. सुतीर्थाला पटव. माळाच्या राणीला पटव. मग तिघे मिळून पेटी उघडा. दोघांच्या हातांनी तिचे झाकण हलत नाही. आणि हे सारे शब्दावाचून; तुझा शब्द मलाही सीमेपलीकडे नेता येत नाही."

प्रधानांनी कपाळाला हात लावला. "शब्द होते तेव्हासुद्धा राजेलोकांचं जुळलं नाही, बाईसाहेब!"

राणी उठली. सावली घालवणाऱ्या तिच्या बापाने तिला एक विद्या मात्र दिली होती, जुन्या जत्रेतली. तिथे दोन व्यापारी हातांवर रुमाल टाकीत आणि खाली बोटे धरून भाव ठरवीत. तोंडातून चकार शब्द नाही. बोटे सांगत आकडा, उघडा पंजा म्हणजे सगळे, आणि मिटलेली मूठ म्हणजे काही नाही. राणीने कुंदेला कडेवर घेतले, साळुंकीला खांद्यावर बसवले आणि रुमाल कमरेला खोचला.

सीमा ओलांडताच तिचे शब्द गळून पडले. खाडीच्या राज्यात पान हलत नव्हते. मिठागरातले लोक घामाने निथळत होते. राजा सुतीर्थ उमदा पण तापट. वेणावतीला पाहताच त्याने पाठ फिरवली. त्याच्या लेखी ही बाई स्वतःच्या राज्यातल्या लेकरांचे शब्द विकून त्याचा काफिला पळवणारी होती. राणी पुढे गेली, आपल्या हातावर रुमाल टाकला आणि उभी राहिली. तो हलेना. तीही हलेना. भर उन्हात कुंदा रडू लागली, तरी राणी जागची हटली नाही.

शेवटी राजाने चिडून रुमालाखाली हात घातला. राणीने साळुंकीकडे बोट केले, मग कुंदेच्या ओठांवर बोट ठेवले, आणि त्याच्या तळव्यात मूठ टेकवली. काही नाही. मी काही दिले नाही.

सुतीर्थाने हात झटकला. राणीने तो परत धरला आणि मूठ आणखी घट्ट दाबली. तेव्हा राजाच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्याची बोटे तिच्या मुठीभोवती फिरली, मग आपणहून मिटली. त्यानेही काही दिले नव्हते. एकमेकांना आजवर न विचारल्याची दोघांनाही लाज वाटली.

मग दोघे माळाच्या राज्यात गेले. तिथली राणी धान्यमाला म्हातारी होती. झोप गेल्यापासून सारे राज्य लाल डोळ्यांनी वावरत होते. रुमाल पाहताच तिने हात पुढे केला आणि रुमालाखाली पाचही बोटे उघडी केली. सगळे. तिने पहिले शब्द देण्याचे कबूल केले होते. धूम्रकेश सकाळीच ते न्यायला खिंडीत येणार होता. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

सुतीर्थाने तोंड फिरवले. वेणावतीलाही क्षणभर तिचा तिरस्कार वाटला, खोटे कशाला सांगू? पण मग तिला आपला बाप आठवला. त्यानेही असाच हात उघडला होता, एकट्याने, शेजाऱ्याला न विचारता. तिने म्हातारीचे एकेक बोट धरले आणि मिटवले. करंगळी उरली. ती म्हातारीने स्वतः मिटवली.

सकाळी तिघे खिंडीत उभे राहिले, ज्याच्या त्याच्या सीमेवर, आणि मधोमध रुमालाखाली तिघांचे हात. समोर धूम्रकेश तांब्याच्या पेटीवर बसला होता. मागे त्याचा पांढऱ्या बैलांचा काफिला. त्याचा शब्द मात्र सगळीकडे पोचे, आणि त्याच्यापर्यंत सगळ्यांचा.

"सुतीर्था," तो म्हणाला, "हात काढून घे. काफिला कायमचा तुझा. मोल काही नको. या दोघींना मी बघतो."

रुमालाखाली सुतीर्थाचा हात सैल पडला. वेणावतीला ते कळले. ओरडून उपयोग नव्हता, शब्द पोचला नसता. तिने हात ओढला नाही, दाबलाही नाही. नुसती मूठ त्याच्या तळव्यात राहू दिली. खाडीचा राजा लांबवर, आपल्या मिठागरांच्या दिशेने पाहत राहिला. मग त्याची पकड अशी आवळली की वेणावतीची बोटे दुखली.

"नाही," राणी धूम्रकेशाला म्हणाली. "ऊठ त्या पेटीवरून."

"उपाशी मराल!"

"मरू किंवा जगू. ऊठ!"

तिघे पुढे सरले. धूम्रकेशाने मंत्र म्हटला, पण तो एकट्या माणसावर चालणारा मंत्र होता, तिघांच्या गाठीला तो लागेना. त्याला बाजूला सारून तिघांनी झाकण उचलले. आतून धुरळा उठला आणि धुरळ्यातून जुने आवाज बाहेर पडले. तुमचा मध पातळ! तुमचे मीठ ओले! तुमच्या गव्हात खडे! खिंड दणाणून गेली. आणि त्या गोंगाटात वेणावतीला सुतीर्थाचा आवाज प्रथमच ऐकू आला.

"राणी, तुमच्या मधात मेण फार असते."

"आणि तुमच्या मिठात वाळू!" राणी म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

त्या घटकेला झाडांखाली सावल्या उतरल्या, खाडीवर झुळूक आली, आणि माळाच्या राज्यात भर दुपारी सगळे लोक घोरू लागले. काफिल्याचे बैल ज्या राज्यांतून नेले होते तिथे चालत परत गेले. धूम्रकेश पायी निघून गेला. कुंदा पहिला शब्द बोलली तो "नको" असा होता, आणि आईला तो फार आवडला.

पुढल्या वर्षी खिंडीत जत्रा भरली. भाव पाडापाडी अशी चालली की कोणी कोणाला सोडीना. माळाचे लोक डोंगराच्या मधापेक्षा गोड गूळ घेऊन आले, म्हणून डोंगराच्या लोकांनी मध स्वस्त केला आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. राणी वेणावती मापावरून सुतीर्थाशी हुज्जत घालत होती, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा तिच्या कानाशी लागला. तो धूम्रकेश होता.

"राणी, या दोघांनाही बुडवता येईल. फक्त तुझ्यामाझ्यात राहू दे. मोल अगदी थोडे आहे."

"थांब हो," राणी म्हणाली, "शेजाऱ्यांना विचारून सांगते."

आणि तिने भर बाजारात, टिपेच्या आवाजात विचारले. सगळी जत्रा त्याच्याकडे वळून पाहू लागली. तो उत्तरासाठी थांबला नाही. जशी त्या तीन राज्यांची भांडणे उघड, तोंडावर राहिली, तशी तुमची आमचीही राहोत.