झाडावर नाव नसलेली रिबका

"जिच्या नावाचं एकही फळ नाही, तिला मंडळीपुढं उभं कसं करू, बाई?"

अनुग्रह थोरातनं ओसरीवर बसायच्या आधीच विचारलं. सायकल अजून त्याच्या हातातच होती.

राहेलबाई मेथी निवडत होत्या.

"आधी सायकल लाव," त्या म्हणाल्या.

नगरकडच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत राहेलबाईंनी चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतली. अनुग्रह त्यांच्याच हाताखाली शिकला. मग शहरात जाऊन, मुलांना धर्मशिक्षण कसं द्यावं याचा वर्षभराचा अभ्यासक्रम करून आला. बाईंनी शाळा त्याच्या हवाली केली आणि आपण घरी बसल्या. पोरगा गुणी. फक्त आपण गुणी आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

पुढचं सगळं मला त्यानंच सांगितलं, आणि सांगताना स्वतःची बाजू सावरली नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं.

आल्या आल्या त्यानं चर्चच्या भिंतीवर पुठ्ठ्याचं झाड लावलं. विश्वास हे मूळ आणि प्रीती हे फळ, असा धडा होता. आठवडाभरात प्रत्येक मुलानं प्रेमाचं एक काम करायचं, रविवारी उभं राहून ते सांगायचं आणि आपल्या नावाचं लाल कागदी फळ झाडाला चिकटवायचं. दोन महिन्यांत झाड लगडलं. पाळकसाहेब खूश, आईबाप खूश. मी स्वतः माझ्या नातवाची सात फळं दोनदा मोजून आलो, खोटं कशाला बोलू.

आता येत्या रविवारी हंगामाचा सण होता. शेतातलं पहिलं पीक, भाज्या, एखादी कोंबडी, जे असेल ते वेदीपुढं आणून ठेवायचा दिवस. त्या दिवशी मुलांनीही झाडाशेजारी रांगेनं उभं राहायचं आणि एकेकानं आपलं फळ दाखवायचं, असं अनुग्रहनं ठरवलं होतं.

चौदा मुलं होती. तेरा जणांची फळं होती.

"दर रविवारी रिबकाला विचारतो," अनुग्रह ओसरीवर टेकत म्हणाला. "या आठवड्यात काय केलंस? ती म्हणते, काही नाही. दोन महिने झाले, बाई. एकच उत्तर. काही नाही."

"खोटं बोलत नाही म्हणायची."

"थट्टा नको ना, बाई. सगळी पोरं उभी राहतील आणि ती एकटी खाली सतरंजीवर बसेल. सगळी मंडळी बघणार. नऊ वर्षांची पोर आहे. काल तिची आई माझ्या दारात येऊन रडली."

"मग?"

"तुम्ही तिच्या आईला सांगा, रविवारी तिला घरीच ठेव म्हणून. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

बाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली...

"हंगामाच्या सणाला पोरीला घरी ठेवायचं?"

"तिच्याच भल्यासाठी."

पोरीचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. ते नसतं, तर तो सायकल दामटत बाईंकडं आलाच नसता.

"देऊन टाक की एक फळ," बाई म्हणाल्या. "कागदाचंच तर आहे."

"न केलेल्या कामाचं? मग बाकीच्यांना मी शिकवलं काय? विश्वास असेल तर प्रेम दिसलंच पाहिजे, बाई."

"कुणाला?"

अभ्यासक्रमात याचं उत्तर होतं, पण ते अनुग्रहला आठवेना. ऊन चढलं होतं. त्यानं पाणी मागितलं.

"रांजणात बघ."

त्यानं अंगणातल्या रांजणाचं झाकण काढून आत वाकून पाहिलं. तळाला नुसती ओल होती.

"हा तर कोरडा आहे. शनिवारी पोरांनी भरला ना? पाच जणांनी हेच काम सांगितलं. पाचही जणांना फळं दिली मी."

"भरला की. आधी दोघं आली, त्यांनी भरला. मग तिघं आली. बघतात तर रांजण काठोकाठ. आता प्रेम करायचं कुठं? त्यांनी सगळं पाणी अंगणात ओतलं आणि पुन्हा भरला."

अनुग्रह हसला नाही.

"त्याच्या आदल्या शनिवारी मार्थाआजीला दोघांनी दोन हातांना धरून घरी पोचवलं," बाई सांगत होत्या. "ती निघाली होती गिरणीत दळण आणायला. पोरं गेल्यावर बिचारी परत सगळी वाट चालून गेली."

"लहान आहेत, बाई. सवय लागली की मनापासून करतील."

"करतीलही," बाई म्हणाल्या. त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. "त्यांच्यावर रागवू नकोस. पण शनिवारचं पाणी मला सोमवारपर्यंत पुरतं. आज बुधवार."

"मग बुधवारी पाणी कुठून आणता तुम्ही?"

"मी नाही आणत."

एवढ्यात फाटक वाजलं.

रिबका आत आली. अंगात शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, कमरेवर भरलेली कळशी. आपल्याच घरात शिरावं तशी ती सरळ रांजणापाशी गेली, कळशी पालथी केली आणि वळली. ओसरीवर सर बसलेले दिसले, तशी ती जागीच थांबली.

"सर, मी शाळेतच चाललेय," ती घाईनं म्हणाली.

"हे काय करतेस?"

"पाणी संपलंय."

"रोज आणतेस?"

"रोज नाही. संपलं की."

"कधीपासून?"

रिबकानं बाईंकडं बघितलं. बाई खाली मान घालून मेथी निवडत होत्या. पोरीला स्वतःच हिशेब लावावा लागला.

"मी दुसरीत होते ना, तेव्हापासून."

आता ती चौथीत होती. पुठ्ठ्याचं झाड लागून दोनच महिने झाले होते.

"मग दर रविवारी मी विचारतो, तेव्हा हे का नाही सांगत?" अनुग्रहनं विचारलं. त्याला हळू बोलायचं होतं, पण आवाज चढलाच.

रिबका गोंधळली. आपलं काहीतरी चुकलंय एवढंच तिला कळलं. सरांना बरोबर उत्तर द्यावं म्हणून ती मनापासून आठवत राहिली...

"तुम्ही प्रेमाचं काम विचारता, सर," ती शेवटी म्हणाली. "हे तर पाणी आहे."

तिनं रांजणात डोकावून पाहिलं.

"अजून एक खेप राहिलीय. मग घंटा होईल," असं म्हणून ती कळशी घेऊन हापशाकडं पळाली.

अनुग्रहनं रांजणातून तांब्या भरून घेतला आणि तो न पिता हातात धरून बसला. पाणी गार होतं. बऱ्याच वेळानं तो ते प्यायला.

मग तो ताडकन उठला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

"आजच जाऊन फळं कापतो, बाई. तिच्या नावाची. दोन वर्षांची एकदम. झाडाच्या शेंड्यावर लावतो, सगळ्यांच्या वर. रविवारी मंडळीपुढं तिला उभं करतो आणि तिनं काय केलं ते मी स्वतः सांगतो."

"नको."

"का?"

"तिला वाटतंय, पाणी संपलं होतं. वाटू दे तिला तसं."



फाटक पुन्हा वाजलं. रिबका आली, तिनं कळशी ओतली, रांजणावर झाकण ठेवलं, कळशी चुलीपाशी पालथी घातली आणि ओला फ्रॉक झटकत शाळेकडं धावत सुटली. या वेळी अनुग्रहनं तिला हाक मारली नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत तो फक्त बघत राहिला.

मग तो बाईंच्या समोर खाली बसला. ओसरीच्या कठड्यावर नाही, खाली जमिनीवर. लहानपणी बसायचा तसा.

"पण बाई... फळ द्यायचं नाही, तर रविवारी सगळी पोरं उभी राहतील आणि ती एकटीच खाली बसेल. फिरून तिथंच आलो."

"एकटी कशी?"

"म्हणजे?"

"त्या झाडावर तुझ्या नावाचं फळ आहे?"

"मी तर शिकवणारा..." अनुग्रहनं सुरुवात केली. खाली पडलेली मेथीची दोन पानं उचलून त्यानं ताटात ठेवली.

"नाही," तो म्हणाला.

"माझंही नाही," राहेलबाई म्हणाल्या, आणि ताट घेऊन उठल्या. "तू तिच्या शेजारी बस. आणि सतरंजीवर मला भिंतीकडेची जागा धरून ठेव."