झाकणाचे बारीक भोक

मुलांनो, टाकी पेट्रोलने भरलेली असताना मोटरसायकल बंद का पडावी?

फार वर्षांपूर्वी धोंडू गवळ्याच्या मोटरसायकलीच्या टाकीचे झाकण गळायचे. वैतागून त्याने झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवली. गळती थांबली, पण चढावर गाडीही थांबली. कॅनमधले दूध उन्हाने नासायला आले.

“टाकीबाई, पोट भरलेलं असून रुसलात का?” झाकणाने विचारले.

“पिशवीने तुझं बारीक भोक बुजलंय. वरून हवा आल्याशिवाय खाली पेट्रोल कसं सोडू?”

“अरेच्चा! मला वाटायचं, त्या भोकातूनच गळतं.”

“छे रे! गळतं ते तुझ्या कडक झालेल्या रबराच्या कडेने.”

धोंडूने झाकण उघडून पिशवी काढली, तशी ‘सुस्स’ करून हवा आत शिरली. तो भोकाकडे आणि कडक झालेल्या रबराकडे बघतच राहिला. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूने झाकणाला नवे रबर बसवले आणि भोक टाचणीने मोकळे केले.